कलुंग पक्ष्याची चिठ्ठी

जोग्या, ३ मार्च २०१४

पाकदे,

तुम्हाला आणि बुदेकाकूला सलाम. फोन केला होता. बुदेने तुमच्या हातात दिला आणि तुम्ही "आम्हाला विमा नको" म्हणून ठेवून दिलात. डावा कान गेलाय हे मला माहीत आहे, पण काकाने पुतणीचा आवाज ओळखू नये? उजव्या कानाला लावायचा होता की. असो, म्हणून हे पत्र.

सहा सप्टेंबरला माझं प्रदर्शन आहे. जावा बेटावरून गेलेले आणि जाण्याच्या बेतात असलेले पक्षी मी कापडाचे शिवतेय. झाडावर बसलेले, पंख पसरलेले असे नाहीत. तुम्ही नोकरीत असताना भरून कपाटात ठेवायचात तसे. पाठीवर निजवलेले, डोळ्यांच्या जागी कापूस, पायांची फुली, आणि फुलीला बांधलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर मूळ चिठ्ठीवरचाच मजकूर, अक्षरासकट. बेचाळीस झालेत, अजून तेवढेच व्हायचेत.

संग्रहालयाने मला आठ दिवस कप्पे उघडू दिले. तुमच्या खोलीत आता संगणक आलेत. तुमचं टेबल आहे, त्यावर चहाचं सामान ठेवतात. डांबरगोळ्यांचा वास तोच. आणि सातव्या दिवशी कलुंगचा कप्पा निघाला. सगळ्या जगात चार कलुंग, तेही मेलेले. तीन डच लोकांच्या वेळचे, त्यांच्या चिठ्ठीवर नुसतं 'जावा'. चौथा तुमचा. काळाभोर, आणि गळ्यातली पांढरी माळ अजून पांढरी. खाली तुमचं ते मुंग्यांसारखं अक्षर : 'गुनुंग लावेर, १४०० मीटर, २१ जून १९८७, वागिमान.'

मला काहीतरी व्हायला हवं होतं. गालिह माझ्या जागी असता तर रडला असता. मी वहीत माप घेतलं, रंग लिहिला, कप्पा लावला आणि चहा प्यायला गेले. हल्ली असंच होतं. दिवसभर मेलेले पक्षी बघायचे, संध्याकाळी कापड बेतायचं. लोक विचारतात, त्रास होत नाही का? नाही होत. यालाच काय म्हणायचं ते मला कळत नाही.

कलुंग प्रदर्शनात मधोमध ठेवणार आहे. त्याच्या शेजारी तुमची हकीकत हवी. गालिह अकरा वर्षांपूर्वी, आमच्या लग्नाआधी, कलुंगचं विचारायला तुमच्याकडे आला, तेव्हा तुम्ही त्याला धुकं होतं, रासामालाचं मोठं झाड होतं एवढं सांगितलंत. मला सगळं हवंय. किती वाजले होते, कुठल्या फांदीवर होता, ओरडला का, तुमच्याबरोबर कोण होतं. हवं तेवढं लांबवा.

बुदेला सांगा, मागच्या खेपेचं सोयाबीनचं तेंपे संपलं.

तुमची,
नस्तिती


केदुंगरेजो, १७ मार्च २०१४

नदुक, पोरी नस्तिती,

पत्र मिळालं. विमावाल्याचा आवाज तुझ्यासारखाच होता, त्याला मी काय करू. यापुढे लिहीतच जा. फोनवर माणूस डब्यात बसून बोलतो.

पक्षी शिवतेस ते ठीक. पण तू पाठवलेला फोटो बघितला आणि माझी मान खाली गेली. तीस वर्षं संग्रहालयात कातडी भरली त्या माणसाची पुतणी तू, आणि पायांची फुली अशी घालतेस? उजवा पाय वर. नेहमी उजवा. चिठ्ठीचा दोरा दोन्ही पायांतून एकदा फिरवून गाठ मागे येते, पुढे नाही. पुढे आली की कप्प्यात पिसांना घासते. मान अशी लांब ओढू नकोस. नवशिके मान ओढतात, कारण कातडं ओलं असताना ऐकतं. वाळल्यावर मग कावळ्याचा बगळा होतो. डोळ्यातला कापूस बाहेर डोकावू दे, पण फुगू देऊ नकोस. मोठे साहेब म्हणायचे, 'वागिमान, पक्षी मेलेला दिसला पाहिजे. झोपलेला नको, जिवंत तर मुळीच नको.' तेवढं ध्यानात ठेव.

तुला त्रास होत नाही म्हणतेस. मला तीस वर्षं झाला नाही. पहिल्या आठवड्यात उलटी झाली, मग संपलं. बुदे म्हणते, लग्नानंतर वर्षभर मी जेवताना कोंबडीची हाडं ओळीने मांडून ठेवायचो. मला आठवत नाही.

तो दिवस मला फारसा आठवत नाही. गालिहला सांगितलं तेवढंच. सत्तावीस वर्षं झाली, त्यात मी तापात होतो. तू कलुंग मधोमध कशाला ठेवतेस? तो काही फार चांगला भरलेला नाही. त्यापेक्षा माझा पाणबगळा घे, एकोणऐंशी सालचा, तिसऱ्या कपाटात. तसं काम पुन्हा माझ्या हातून झालं नाही.

बुदे तेंपे पाठवते आहे, पण बसमध्ये आंबलं तर तिला कळवू नकोस.

पाकदे


जोग्या, २ एप्रिल २०१४

पाकदे,

सगळ्या फुल्या उसवून परत घातल्या. उजवा पाय वर. बेचाळीस पक्षी, चौऱ्याऐंशी पाय. तुमचा राग शांत झाला असेल अशी आशा आहे.

पाणबगळा नको. कलुंगच हवा, आणि आता तर फारच हवा, कारण ऐका. गालिहच्या लोकांना शेवटच्या शोधासाठी पैसे मिळालेत. सहा आठवडे, चौदा माणसं, लावेरचा एक-एक ओढा. गालिहची ही तिसरी खेप, आणि या वेळी सापडला नाही तर यादी ठेवणारे कलुंगच्या नावापुढे 'संपला' लिहिणार आहेत. तसं पत्रच आलंय. जूनमध्ये चढतील.

गालिह रात्रंदिवस नकाशे मांडून बसतो. तुम्ही सांगितलेलं ते रासामालाचं झाड त्याने तीन ठिकाणी ठरवलंय आणि तिन्ही ठिकाणी लाल फुली मारलीय. परवा मला म्हणाला, "पाकदेंनी ती एक चिठ्ठी लिहिली नसती तर मी काय केलं असतं गं? माशांवर काम केलं असतं. तुझ्या घरी चहाला आलो नसतो. तुझ्याशी लग्नही झालं नसतं." मी म्हटलं, "म्हणजे मला एका मेलेल्या पक्ष्याने आणलं." तो म्हणाला, "एका मेलेल्या पक्ष्याच्या पायाने." हसलो आम्ही. पण लगेच तो पुन्हा नकाशाकडे वळला. अकरा वर्षं, पाकदे. त्याचे केस पांढरे झालेत ते तुम्ही पाहिले नाहीत अजून.

तेव्हा आठवा. फांदी, वेळ, कुठल्या बाजूचा उतार, काहीही. तुम्हाला क्षुल्लक वाटेल ते त्याला क्षुल्लक नाही.

तेंपे आंबलं नव्हतं. (आंबलं होतं. बुदेला सांगू नका.)

नस्तिती


केदुंगरेजो, २० एप्रिल २०१४

नदुक,

गालिहला सांग, लावेरवर फार वेळ घालवू नकोस. ते जंगल थंड आहे आणि जळवा फार. त्याऐवजी गुनुंग सेंगोनकडे जा म्हणावं. तिथे विचारा. डोंगरात नाही, खाली गावात विचारा, जुन्या पारध्यांना.

का, ते विचारू नका. म्हाताऱ्या माणसाला कधीकधी वाटतं.

शेळीला दोन करडं झाली. एक आंधळं आहे. बुदे त्याला बाटलीने दूध पाजते आणि मला चहात दूध देत नाही.

पाकदे


जोग्या, ११ मे २०१४

पाकदे,

गालिह तुमचं पत्र वाचून हसला, पण वाईट नाही हसला. म्हणाला, "पाकदेंना माझी काळजी वाटते. सेंगोन जवळ आहे, रस्ता चांगला आहे, म्हणून सांगतात." पाकदे, सेंगोनला आता जंगल कुठे आहे? पंधरा-वीस वर्षांपूर्वीच तोडलं. वर शिखरापर्यंत कोबी आणि गाजरं. आणि परवाना लावेरचा आहे. परवान्यात जे नाव, तिथेच पाय ठेवायचा, हे तुम्हीच त्याला शिकवलंत. नवा परवाना म्हणजे आणखी एक वर्ष.

लावेरचं जंगल तरी राहिलं ते कलुंगमुळे, हे तुम्हाला माहीत असेलच. तुमच्या चिठ्ठीवरून एक्क्याण्णवमध्ये ते राखीव झालं. गालिह म्हणतो, एका माणसाने एका ओळीत वाचवलेलं एवढं जंगल दुसरं नाही. हे मी प्रदर्शनात लिहिणार आहे, तुमच्या नावासकट. बुदेला आवडेल.

कलुंग शिवून झाला. एक गोष्ट विचारायची होती. तुमच्या पक्ष्याच्या शेपटीची पिसं टोकाला सारखी आहेत, अगदी कातरीने कापल्यासारखी. बाकी तीन पक्ष्यांची तशी नाहीत. झुरळांनी खाल्ली असतील म्हणून तुम्ही कापलीत का? मी तशीच शिवली आहेत, जशी दिसली तशी. तुम्हीच म्हणाल नाहीतर की पुतणीने फसवलं.

सात जूनला गालिह निघतो.

नस्तिती


केदुंगरेजो, ३० मे २०१४

नस्तिती,

शेपटी मी कापली. झुरळांनी खाल्ली नव्हती. पिंजऱ्याच्या काड्यांवर घासून झिजली होती. संग्रहालयातला कुणीही बघताक्षणी ओळखतो की हा पक्षी पिंजऱ्यातला आहे. तो कुणी ओळखू नये म्हणून कापली.

आता सगळं सांगतो. मध्ये थांबलो तर पुन्हा लिहिणार नाही.

सत्त्याऐंशीत मला कलुंगसाठी लावेरला पाठवलं. साहेबांना कुठल्याशा जुन्या डच वहीत लावेरचं नाव दिसलं होतं. तीन आठवडे राहिलो. पहिल्याच आठवड्यात ताप आला. धुकं होतं, ते खरं. रासामालाचं झाड होतं, तेही खरं, मी त्याच्या बुंध्याशी पडून होतो. पक्षी दिसला नाही. एकही नाही. हात हलवत खाली आलो आणि शहरात पक्षीबाजाराजवळ बस बदलायला उतरलो. तिथे बुलबुलांच्या रांगेत कलुंग बसला होता. विकणारा म्हणाला, "सेंगोनचा आहे, माझ्या सासऱ्याने फणसाच्या चिकावर धरला. वर अजून आहेत, किती हवेत?" मी विचारलं, नक्की सेंगोन? त्याने आईची शपथ घेतली.

मी तो पदरचे पैसे घालून विकत घेतला. धर्मशाळेच्या खोलीत दोन बोटं त्याच्या पंखांखाली घालून दाबलं. अर्धं मिनिट लागतं. मग कातडं काढलं, भरलं, आणि चिठ्ठी लिहायला बसलो.

तुला हे बाहेरच्या माणसाला समजावता येणार नाही, पण तू आठ दिवस तिथे बसली आहेस म्हणून सांगतो. ठिकाण नसलेला पक्षी म्हणजे नुसता केर. बाजारातला पक्षी आम्ही घेतच नव्हतो. आणि चिठ्ठीवरचं ठिकाण फिरतीच्या हुकुमाशी जुळलं नाही तर नोंदवहीत चढत नसे. हुकूम लावेरचा होता. सेंगोन लिहिलं असतं तर पक्षी बाद, माझे तीन आठवडे बाद. मी हंगामी होतो. त्या वर्षी दोघांना कायम करणार होते. मी लावेर लिहिलं. २१ जून ही तारीख मी तिथे तापाने फणफणलेलो होतो त्याच दिवसाची लिहिली, कारण त्या दिवशी मी तिथे होतो एवढं तरी खरं असावं.

साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. मी कायम झालो. त्यावर घर झालं, तुझं कॉलेज झालं.

मला वाटलं होतं, एका कप्प्यातला एक कागद, कोण बघणार. मग लावेर राखीव झालं. पेपरात नकाशा आला. आणि त्याच अंकात, पुढच्या पानावर, सेंगोन लागवडीला दिल्याची बातमी. मी ती वाचली. चहा पीत होतो, चहा संपवला. तेव्हा बोललो असतो तर डोंगर उभा होता. बोललो नाही. गालिह घरी आला, त्याने बुंध्याचं विचारलं, मी बुंध्याचं सांगितलं. मग त्याने तुला मागणी घातली. मग तर तोंडच राहिलं नाही.

मला रडू येत नाही. शरमेने मान खाली जाते म्हणतात, तसंही होत नाही. हे लिहून झालं की शेळीला चारा घालायला जाईन, एवढंच मला कळतंय.

चिठ्ठी तुझ्या कापडाच्या पक्ष्याला बांधू नकोस. किंवा खरी बांध.

वागिमान


जोग्या, ९ जुलै २०१४

पाकदे,

तुमचं पत्र गालिह निघाल्यानंतर चौथ्या दिवशी मिळालं. वर डोंगरात निरोप पाठवता आला असता. हमाल दर आठवड्याला तांदूळ घ्यायला खाली येतात. मी पाठवला नाही. आधी स्वतः सेंगोनला जाऊन यायचं ठरवलं.

बस शेवटपर्यंत जाते. सगळीकडे कोबी, आणि कोबीवर औषध मारणारी माणसं. पारध्यांचं विचारलं तर तंबाखूच्या दुकानदाराने एका घराकडे बोट दाखवलं. तिथे इबू रुकाया म्हणून एक बाई आहेत, साठीच्या असतील. त्यांचा नवरा फणसाचा चीक लावायचा. चार वर्षांपूर्वी वारला. मी माझं चित्र दाखवलं.

"अगं, हा माळवाला," त्या म्हणाल्या. "कुठून काढलंस चित्र?"

मी विचारलं, हल्ली दिसतो का?

"आता कुठला? आमच्या यांनी धरलेला शेवटचा आमच्याकडेच होता. विकायचा नाही म्हणायचे, त्यांना त्याचं गाणं लागायचं सकाळी. ते गेल्यावर मीच केळं घालायची. भारी आगाऊ होता हो, मी शेजारणीशी बोलायला लागले की मध्येच सुरू व्हायचा. गेल्या लेबारानला, ईदच्या आदल्या दिवशी मेला."

मी विचारलं, त्याचं काय केलंत?

"काय करणार? केतुपातचा भात पानात बांधायच्या गडबडीत होते. पानात गुंडाळून मागे टाकला. कोंबड्यांनी नेला असेल."

त्यांनी पिंजरा दाखवला. आता त्यात कांदे ठेवतात. मला चहा दिला, उकडलेले शेंगदाणे दिले. कसे ते आता कळत नाही, पण तिथे मी शेंगदाणे सगळे खाल्ले. परत येताना मी आकडे मांडत होते. गालिहने शोधायला सुरुवात केली तेव्हा तो पक्षी त्या ओसरीवर गात होता. पुढची दहा वर्षं गात होता. बसने पाच तास लागतात.

तुमच्यावर ओरडावं असं खूप वाटून पाहिलं. नाही वाटलं.

पण आता मी सांगते तसं करा. गालिहला काही कळवू नका. संग्रहालयालाही नाही. लावेरचं राखीवपण एका कलुंगवर उभं आहे, तुमच्या ओळीवर. जिल्ह्याचे साहेबलोक तिथल्या गरम झऱ्यांभोवती हॉटेलं बांधायला टपून बसलेत, त्यांना एवढंच कुणीतरी म्हणायला हवंय की हा पक्षी इथे कधी नव्हताच. गालिहने हमालाबरोबर चिठ्ठी पाठवली होती. बिबळ्याची मादी पिल्लांसकट दिसली. काळ्या माकडांचे कळप. गरुडाचं घरटं. ते सगळं त्या खोट्या ओळीच्या आत राहतं. आणि गालिहला खरं कळलं तर तो लपवणार नाही, तो तसा माणूस नाही. तो रिपोर्टात लिहील आणि स्वतःच्या हाताने लावेर घालवील, आणि त्यानंतर त्याच्याजवळ काहीच उरणार नाही. त्याला मी ओळखते.

तेव्हा मी चिठ्ठी तशीच बांधतेय. तुमच्या अक्षरात, लावेर, २१ जून. पहिल्यांदा अक्षर वाकडं आलं. दुसऱ्यांदा नीट आलं.

नस्तिती


लावेरच्या पायथ्याहून, २१ ऑगस्ट २०१४

पाकदे,

तुम्ही माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवलेलं पत्र दोन महिन्यांवर तिथे पडून होतं. आम्ही मुदत दोनदा वाढवून घेतली, म्हणून मीच उशिरा उतरलो. कारकुनाने ते कालच्या गाडीने इथे पाठवलं. ओढ्याच्या काठी बसून वाचलं. पायाला जळवा होत्या, त्या काढायचं राहून गेलं. बूट भरला रक्ताने, तेव्हा लक्षात आलं.

तुम्ही लिहिलंय की मी तुम्हाला शिव्या द्याव्यात. बसून पाहिलं, जमलं नाही. मी अकरा वर्षं त्या झाडाखाली झोपलोय, पाकदे. तिथे तुम्ही तापात पडला होतात एवढंच मला आता दिसतं.

रिपोर्ट मी आजच लिहिला. 'गुनुंग लावेर : आढळला नाही. शेवटची नोंद १९८७, वागिमान.' यापलीकडे एक शब्द नाही. सेंगोनचा उल्लेख नाही. का, ते तुम्हाला समजेल. मी इथे पंच्याहत्तर दिवस काय काय पाहिलं ते सांगत बसत नाही, पण हा डोंगर हॉटेलवाल्यांच्या घशात घालायला माझा हात उठणार नाही. खोटं लिहायला मला वाटलं त्यापेक्षा कमी वेळ लागला. तुम्हालाही तसंच झालं होतं का?

एकच विनंती आहे. नस्तितीला यातलं काही सांगू नका, कधीही नाही. तिचं वर्षाचं काम त्या पक्ष्याभोवती उभं आहे. तिला तुमचा अभिमान आहे, तुमच्या नावाची पाटी तिने स्वतः रंगवलीय. आणि ती मनाची सरळ आहे. तिला कळलं तर ती पक्षी काढून टाकील, जो विचारील त्याला कारण सांगील, आणि लावेर दोन दिवसांत जाईल. हल्ली ती हमालाबरोबर दोनच ओळी लिहून पाठवायची. कामामुळे असेल. त्यात हे आणखी नको.

हे पत्र जाळून टाका. तुमचं मी ओढ्यात सोडलं.

गालिह


केदुंगरेजो, २८ ऑगस्ट २०१४

नस्तिती आणि गालिह,

हे पत्र तुम्हा दोघांच्या नावाने आहे. एकाने एकट्याने उघडलं असेल तर इथेच थांबा आणि दुसऱ्याला हाक मारा.

नस्तितीने मला लिहिलं, गालिहला सांगू नका. ते पत्र येण्याआधीच मी गालिहला सगळं लिहून टाकलं होतं, एकाच दिवशी दोघांना लिहिलं होतं, पण नस्तितीला ते कळवलं नाही. कळवायला हवं होतं. मला वाटलं, गालिहच तिला सांगेल, मग मला सांगावं लागणार नाही. ही माझी जुनी खोड. आता गालिहने लिहिलं, नस्तितीला सांगू नका, पत्र जाळा. मी चुलीपाशी गेलो होतो. बुदेने विचारलं, काय जाळताय? मी म्हटलं, कागद. ती म्हणाली, "कसला?" आणि मग मी तिलाच सगळं सांगितलं. सत्तावीस वर्षांनी. तिने भाताखालचा विस्तव काढला आणि माझ्यासमोर बसली. मग म्हणाली, "त्या पोरांचं काय करताय?"

काय करतोय ते हे. या पाकिटात तुमची दोन पत्रं आहेत. नस्तितीचं जुलैचं आणि गालिहचं आत्ताचं. माझ्या हाती आलेल्या वस्तू मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या कपाटांत ठेवल्या. या दोन ठेवणार नाही. तुम्ही दोघं एकमेकांना ओळखतो म्हणून लिहिता, आणि दोघांनीही चुकीचं लिहिलंय. गालिह, ती सेंगोनला जाऊन आली आहे. नस्तिती, त्याने रिपोर्ट लिहिलाय. तू लपवते आहेस तेच तो लपवतो आहे.

रिपोर्टात काय ठेवायचं, पक्ष्याला कुठली चिठ्ठी बांधायची, लावेरचं काय करायचं, ते तुम्ही ठरवा. दोघांनी मिळून ठरवा. खोटंच ठेवायचं ठरलं तर तेही दोघांना माहीत असलेलं असू दे. मी एकट्याने ठेवून बघितलं. त्यात माणूस मरत नाही, पण चहा पीत राहतो.

संग्रहालयाला मी अजून लिहिलेलं नाही. तुमचं ठरेपर्यंत लिहिणार नाही. तुम्ही लिहा म्हणालात की त्याच दिवशी लिहीन, माझ्या नावाने, साहेबांवर काही न ढकलता.

दोन्ही पत्रं एकाच टेबलाशी बसून वाचा. आधी जेवून घ्या.

वागिमान